भरती आली की पक्षी कुठे जातात? ठाणे खाडी आणि मिठागरांची गोष्ट

आजच्या भागात आपण ठाणे खाडीवर जाणार आहोत. ऑक्टोबर आहे, पाऊस परतलाय, सकाळी नऊलाच शर्ट अंगाला चिकटतोय, आणि ‘फ्लेमिंगो आले का?’ असे मेसेज सुरू झालेत. उत्तर आधीच देऊन टाकते: अजून नाही. फ्लेमिंगो, म्हणजे मराठीतले रोहित, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून यायला लागतात आणि मे-जूनपर्यंत मुक्काम करतात. ऑक्टोबरात येतात ते छोटे, मातकट रंगाचे, फोटोत फारसे न दिसणारे पक्षी. चिखल्या, तुतवार, स्टिंट, रेडशँक, गॉडविट. यातला लिटल स्टिंट जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅमचा असतो. तो उन्हाळ्यात उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात पिल्लं वाढवतो आणि थंडीसाठी इकडे येतो. कर्ल्यू सँडपायपर तर थेट सैबेरियाच्या उत्तर टोकाकडून.

हे सगळे चिखलातलं खातात. ओहोटी लागली, चिखल उघडा पडला की जेवण सुरू. पण ठाणे खाडी ही नदी नाही, समुद्राचा लांब हात आहे. दिवसातून दोनदा भरती येते आणि ताट पाण्याखाली जातं. या पक्ष्यांना बदकांसारखं तासन्‌तास पोहता येत नाही, आणि खारफुटीच्या फांद्यांवर हजारोंनी बसणं त्यांना मानवत नाही. त्यांना लागते उघडी, सपाट जागा. घोट्याएवढं पाणी असलेली, चारी बाजूंनी शिकारी पक्षी येताना दिसेल अशी, आणि जवळ. मग भरतीचे ते चार-पाच तास हे पक्षी कुठे काढतात?

आजचा भाग या एका प्रश्नावर आहे. उत्तर शोधताना मीठ, इंग्रज, सत्याग्रह, भायखळ्याचं एक म्युझियम आणि एक सरकारी व्याख्या, एवढं सगळं वाटेत लागतं.

आधी वेळेचं गणित. माझं ऑफिस ऐरोलीला, खाडीच्या काठावर. तिथे भरतीची वेळ सांगणारं अॅप सगळे वापरतात. पण आपल्या किनाऱ्यावर त्याहून जुना अल्गोरिदम आहे आणि त्याला नेट लागत नाही. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या आसपास पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळी. चतुर्थीला तीन वाजता. पौर्णिमा-अमावास्येला, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपार-मध्यरात्रीच्या आसपास. मिनिटा-मिनिटाला जुळत नाही, खाडीत आत शिरायला पाणी थोडा उशीरही लावतं, पण होडी काढायला पुरेसं आहे. कोळी आणि आगरी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या कॅलेंडरवरची तिथी बघून दिवस आखले ते असे. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला भांग.

म्हणून आम्ही कोजागरीचा दुसरा दिवस निवडला. प्रतिपदा, म्हणजे एकाची पाऊणपट, पावणेएकच्या आसपास पूर्ण भरती. सकाळी सातला ओहोटी नुकतीच संपलेली असणार, आणि चालता चालता पाणी चढताना बघायला मिळणार. रात्री मसाला दूध पिऊन जागलेले आम्ही तिघं पूर्व द्रुतगती महामार्गावरून आत वळलो आणि भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्याला लागलो. मुंबईतले पक्षी बघणारे ही जागा नावानिशी ओळखतात. महामार्गाचा आवाज मागे पडतो, डाव्या-उजव्या हाताला खारफुटी, मग पाण्याचे चौकोनी तुकडे, मधून मातीचे बांध.

वायरवर भिंगऱ्या रांगेत बसल्या होत्या. चौकोनी पाण्यात शेकाट्या, लांब गुलाबी पायांचे, दोन-चार. एक खंड्या. बस्स. शेवटी खाडीच्या तोंडाशी पोचलो तर दूरवर चमकणारा चिखल आणि त्यावर मिरपूड सांडावी तसे ठिपके. दुर्बिणीतून ते ठिपके चालताना दिसत होते. सगळी गर्दी तिकडे होती, जेवायला.

आता ते पाण्याचे चौकोनी तुकडे. ती मिठागरं आहेत, किंवा होती. मुलुंड पूर्वेला राहणाऱ्यांना मिठागर रोड माहीत असेल. खार, खारघर, खारेगाव ही नावं रोज लोकलच्या अनाउन्समेंटमध्ये आणि गुगल मॅपवर ऐकतो-वाचतो, त्यात ‘खार’ का आहे याचा विचार करत नाही. आगरी समाजाचं नावही ‘आगर’ या शब्दाशी जोडलं जातं. आगर म्हणजे मिठाचं आगर.

मीठ पिकवायची पद्धत ऐकायला सोपी आहे. उधाणाच्या भरतीला दार उघडून खाडीचं पाणी आत घ्यायचं, दार बंद करायचं. मग ते पाणी एका उथळ कप्प्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं पुढे सरकवायचं. ऊन आणि वारा पाणी उडवत जातात, पाणी जास्त जास्त खारं होत जातं, आणि शेवटच्या कप्प्यात मिठाचे दाणे धरतात. ते ओढून बांधावर ढीग लावायचे. पावसाळ्यात काम बंद. पाऊस गेला की बांध डागडुजी करायचे, तळाची माती तुडवून घट्ट करायची, आणि पुढच्या पावसापर्यंत मीठ काढायचं.

या वर्णनात काय काय आलं बघा. उथळ पाणी. वेगवेगळ्या खोलीचं, वेगवेगळ्या खारटपणाचं. झाडं नाहीत, कारण झाड उगवलं तर मीठ नासतं. सपाट, उघडे बांध. आणि भरती कितीही चढली तरी आतलं पाणी तेवढंच, कारण दार बंद आहे. चिखलात खाणाऱ्या पक्ष्याने आपल्या गरजांची यादी लिहून दिली असती तर ती याहून वेगळी नसती. हे कोणी पक्ष्यांसाठी केलं नव्हतं. मिठासाठी केलं होतं, आणि पक्ष्यांना फुकटात मिळालं.

इंग्रजांच्या काळात मिठावर कर होता आणि त्यासाठी स्वतंत्र खातं होतं. मुंबई इलाख्यासाठी १८९० साली वेगळा मीठ कायदाच झाला. कोणी किती मीठ काढलं, कुठे ठेवलं, कधी हलवलं यावर पहारा असे. म्हणूनच १९३० मध्ये गांधीजींनी दांडीला मूठभर मीठ उचललं आणि अख्खा किनारा पेटला. आपल्याकडे शिरोड्याला सत्याग्रह झाला, आणि मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवर मे-जून १९३० मध्ये हजारो लोक चालून गेले. आज मोनोरेलचा मार्ग आहे, टॉवर दिसतात, त्या वडाळ्यात लोकांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या आहेत. स्वातंत्र्याच्या थोडं आधी कर गेला, खातं राहिलं. मुंबईतली बरीचशी मिठागरांची जमीन केंद्र सरकारकडे आली आणि मीठ काढणारे भाडेपट्ट्यावर काम करत राहिले. शहर चहूबाजूंनी फुगत असताना ही पाच हजारांहून जास्त एकर जमीन मोकळी राहिली त्याचं मोठं कारण हे. तिथे मीठ पिकत होतं आणि मालक दिल्लीत होता.

तिकडे पक्ष्यांच्या बाजूनेही मुंबईत एक इतिहास घडत होता. १५ सप्टेंबर १८८३ ला आठ माणसं भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, एकत्र जमली आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी सुरू झाली. आपण तिला बीएनएचएस म्हणतो. आठातले सहा युरोपियन आणि दोन आपले: डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाचे संस्थापक, आणि डॉ. सखाराम अर्जुन, रखमाबाईंचे सावत्र वडील. ज्या रखमाबाईंचा लग्नाचा खटला गाजला आणि ज्या पुढे डॉक्टर झाल्या, त्याच. सुधारकांच्या इतिहासात ही दोन नावं आपण वाचतो. पक्ष्यांच्या इतिहासातही ती आहेत, हे शाळेत कोणी सांगत नाही.

याच सोसायटीत एक मुलगा गळ्यावर पिवळा डाग असलेली मेलेली चिमणी घेऊन गेला, ‘ही कोणती?’ विचारायला. तो सलीम अली. जन्म १२ नोव्हेंबर १८९६, मुंबईचाच. त्यांची गोष्ट तुम्हाला माहीत असते, म्हणून मी पुढचा, कमी सांगितला जाणारा भाग सांगते. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या जंगलात माकडं मरायला लागली, मग माणसं. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. विषाणू रशियातल्या एका आजाराच्या विषाणूशी मिळताजुळता निघाला, आणि शंका आली की उत्तरेकडून येणारे पक्षी गोचिडांमधून तो आणतात का? जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५९ मध्ये सलीम अलींच्या नेतृत्वाखाली बीएनएचएसने पक्ष्यांच्या पायात कडी घालायचा मोठा प्रकल्प सुरू केला. ॲल्युमिनियमची हलकी कडी, त्यावर नंबर आणि ‘मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ.

मी डेटाबेसमध्ये काम करते, त्यामुळे मला हे फार आवडतं. प्रत्येक पक्ष्याला एक युनिक नंबर, आणि पत्ता एकच: मुंबई. कझाकस्तानात किंवा सैबेरियात कोणाला तो पक्षी सापडला की त्याने पत्र पाठवायचं, आणि एक नोंद पूर्ण व्हायची. इंटरनेटच्या कितीतरी आधी आपल्या शहराचं नाव हजारो पायांवरून निम्म्या आशियात फिरत होतं. आज कड्यांबरोबर जीपीएस टॅगही आले. २०२२ मध्ये बीएनएचएसने सहा रोहितांना टॅग लावले आणि ते गुजरातपर्यंत कसे जातात-येतात ते नकाशावर दिसलं.

रोहितांचं तर प्रकरणच वेगळं. १९९० च्या दशकात ते शिवडीच्या चिखलावर मोठ्या संख्येने दिसायला लागले. का आले? अभ्यासक एक कारण सांगतात ते फारसं रोमँटिक नाही. शहराचं सांडपाणी. १९६० च्या दशकात खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, १९७३ मध्ये वाशीचा पूल झाला, दोन्ही काठांवर लोकवस्ती वाढली, आणि सगळ्यांचं पाणी शेवटी खाडीत. त्या पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस भरपूर, म्हणून शेवाळ भरपूर, आणि लहान रोहित चोचीने गाळून खातो ते हेच सूक्ष्म शेवाळ. काही वर्षांच्या गणनेत आकडा लाखाच्या वर गेला. आपण ‘गुलाबी सोहळा’ म्हणून रील बनवतो, त्यात आपल्या बाथरूमचाही वाटा आहे.

साडेदहा वाजले. चिखलावरचे ठिपके काठाकडे सरकायला लागले होते. बांधावर खांद्यावर टॉवेल टाकलेले एक काका भेटले. आधी इथेच मिठावर काम केलेले. आम्ही दुर्बिणी खाडीकडे रोखून उभे होतो, तर म्हणाले, “तिकडे काय बघता? इकडे तोंड करा. तिकडचा चिखल बुडाला की सगळे इथेच येतात.” मी विचारलं, “काका, मीठ काढायचात तेव्हा हाकलत होतात का यांना?” ते हसले. “कशाला हाकलायचं? ते काय मीठ खातात?”

सव्वाअकराला आले. आधी आवाज, मग डोक्यावरून एकामागून एक थवे, सगळे एकदम वळले की पांढरे, परत वळले की राखाडी. गॉडविट, रेडशँक, स्टिंटचे ढग. मघाशी रिकाम्या वाटलेल्या चौकोनात पाय ठेवायला जागा उरली नाही. उतरले, एका पायावर उभे राहिले, चोच पाठीत खुपसली आणि झोपले. हजारो किलोमीटर उडून आलेल्या शरीराला ही झोप लागते. तिथून पुन्हा पुन्हा उडावं लागलं तर खाल्लेलं सगळं उडण्यातच जातं, आणि वसंतात परत जायला चरबी साठत नाही.

म्हणजे आपल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. भरतीत पक्षी मिठागरात येतात, आणि तशाच इतर उथळ जागांवर. खाडीपलीकडे नवी मुंबई-उरणमध्ये एनआरआय संकुलाजवळचं आणि टीएस चाणक्यजवळचं पाणथळ, बेलपाडा, भेंडखळ, पाणजे. मग पुढचा प्रश्न: या जागा सुरक्षित आहेत का?

२०१५ मध्ये राज्य सरकारने ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केलं, सुमारे १,६९० हेक्टर. त्यात खारफुटी आणि खाडीचं पाणी-चिखल. २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर स्थळ झाली, नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातलं तिसरं. २००५ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशाने खारफुटी तोडायला बंदी आली, २०१२ मध्ये वनखात्याचा खास कांदळवन कक्ष निघाला. हे सगळं खरंच मोठं काम आहे. पण हद्द काढताना मुख्यतः खाण्याची जागा आत आली. भरतीतल्या झोपायच्या बऱ्याच जागा त्या रेषेबाहेर राहिल्या. पक्ष्याचा अर्धा दिवस अभयारण्यात आणि अर्धा दिवस प्लॉटवर.

आणि इथे ती व्याख्या येते. १९७१ मध्ये इराणमधल्या रामसर गावी झालेल्या करारात पाणथळ जागेची व्याख्या आहे: नैसर्गिक असो वा मानवनिर्मित, कायमची असो वा तात्पुरती, गोडी असो वा खारी. मिठागर त्यात आरामात बसतं. आपल्या देशाच्या २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांत मात्र व्याख्येला अपवाद जोडलेत, आणि त्यात मीठ उत्पादनासाठी बांधलेल्या जागा वगळल्या आहेत. कोड लिहिणाऱ्यांना कळेल. मेन फंक्शन व्यवस्थित आहे, पण खाली एक एक्सेप्शन आहे आणि आपली नेमकी केस त्यात जाऊन पडते. माणसाने बांधलं म्हणून ते निसर्ग नाही, असा त्याचा अर्थ होतो. गॉडविटला हा फरक कळत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०२४ मध्ये धारावीतल्या लोकांच्या पुनर्वसनासाठी कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड भागातली सुमारे २५६ एकर मिठागर जमीन द्यायला केंद्राने मान्यता दिली. महामार्गामुळे या तुकड्यांत आता समुद्राचं पाणी येतच नाही, अशी बाजू मांडली गेली. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याला ‘पक्ष्यांसाठी थांबा’ असं सांगणं मला जमणार नाही. पण एक आठवण ठेवायला हवी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा वेळी पावसाचं पाणी साठून राहायला शहरात सखल, मोकळी जागा लागते, आणि पूर्व उपनगरांत ती मिठागरंच आहेत. प्रत्येक तुकडा वेगळा आहे. कुठे पाणी येतं, कुठे येत नाही, कुठे पक्षी उतरतात, हे जागेवर मोजून ठरवावं लागेल. ऑक्टोबर ते मे, उधाणाच्या दिवशी, भरतीच्या वेळी. ओहोटीला जाऊन ‘इथे काहीच नाही’ असं लिहिलं तर ते खोटं नसेल, पण खरंही नसेल.

जागा गेल्यावर पक्षी कुठेतरी जातातच. मे २०२४ मध्ये घाटकोपरवर, रात्री उतरणाऱ्या विमानाला रोहितांचा थवा धडकला आणि तीसहून जास्त पक्षी मेले. एका घटनेचं एकच कारण असतं असं मी म्हणत नाही. पण दोन विमानतळांच्या मधल्या आकाशात हे पक्षी रोज ये-जा करतात, आणि त्यांच्या बसायच्या जागा आपण हलवल्या की त्यांचे रस्तेही हलतात. चांगली गोष्ट म्हणजे बीएनएचएस आणि कांदळवन कक्षाने भांडुप, एनआरआय, चाणक्य, बेलपाडा, भेंडखळ, पाणजे या सहा जागांचा अभयारण्याला जोडून विचार करणारा आराखडा मांडलाय. म्हणजे ही कल्पना कागदावर आहे. कागदावरून जमिनीवर यायची आहे.

आणि मीठ काढणं थांबलं की मिठागर आपोआप जंगल होऊन पक्ष्यांना मिळेल, असंही नाही. बांध फुटतात, दार तुटतं, गाळ भरतो, खारफुटी आत सरकते. खारफुटी चांगलीच, पण गॉडविट तिच्यात झोपत नाही. उथळ पाणी उथळ ठेवायला कोणीतरी रोज दार उघडावं-मिटावं लागतं. ते काम काका आणि त्यांच्यासारखे लोक मिठासाठी करत होते. उद्या कोणाला पक्ष्यांसाठी करायचं असेल तर ते शिकवणारे अजून आहेत, ही जमेची बाजू.

तर मंडळी, तीन कामं देते. पहिलं, ५ ते १२ नोव्हेंबर महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. त्यात एखाद्या पाणथळ जागेवर जा, पण तिथी बघून, भरतीच्या दोन तास आधी पोचा. कुठे जायला परवानगी लागते ते आधी विचारा, आणि झोपलेल्या थव्याजवळ ड्रोन उडवू नका. दुसरं, जे दिसलं ते ईबर्डवर टाका, वेळेसकट. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, तिथे स्वयंसेवक लागतात. नकाशावर रेषा काढणाऱ्यांना हाच डेटा लागतो. तिसरं, तुमच्या घरात, गावात कोणी मिठागरात काम केलं असेल तर फोन काढा आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. दार कधी उघडायचं, पाणी किती ठेवायचं, कप्प्यांना काय म्हणायचं. आम्हाला पाठवा, एक पूर्ण भाग त्यावर करू.

भेटूया पुढच्या भागात. तोवर कानात हेडफोन, पायात जुने बूट, आणि कॅलेंडरवरची तिथी बघून ठेवा!